आजची पुळी आजची नसते

प्रश्न : माझं वय २१. तीन वर्षांपासून गाल, हनुवटी आणि कपाळावर मुरमं येतात. या वर्षी फारच वाढली आहेत. चेहरा स्वच्छ राहावा म्हणून दिवसातून सहा वेळा साबणाने धुते. लिंबाचा रस लावून पाहिला, रात्री पुळीवर टूथपेस्ट लावून पाहिली. झोपण्याआधी आरशासमोर उभी राहून दिसेल ती पुळी नखांनी फोडते, त्याशिवाय झोपच येत नाही. मैत्रिणीने एक मलम दिलं होतं. त्याने पाच दिवसांत चेहरा नितळ झाला. दोन महिने लावलं, मग बंद केलं, तर दुपटीने पुळ्या आल्या. आता उन्हात गेलं की गाल भाजतात. गालांवर तपकिरी डाग आहेत, काही लाल आहेत, आणि डाव्या गालावर दोन-तीन बारीक खड्डे पडलेत. हे सगळं जाईल का? घरच्या घरी काय करू? कुणी फोटो काढायला लागलं की मी मागे सरकते.
— फोटोत मागे उभी राहणारी

उत्तर : तुझा चेहरा अस्वच्छ आहे, हे आधी मनातून काढून टाक. उलट तो गरजेपेक्षा जास्त धुतला गेलाय, चोळला गेलाय, पिळला गेलाय. तू लिहिलेल्या त्रासाचा बराचसा भाग मुरमांचा नाही, मुरमांवर केलेल्या उपायांचा आहे. हे दोष देण्यासाठी सांगत नाही. जे हाताने होतंय ते हाताने थांबवता येतं, म्हणून सांगतोय.

मुरूम कसा तयार होतो ते एकदा नीट समजून घे, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. चेहऱ्यावरच्या प्रत्येक बारीक केसाच्या मुळाशी एक तेलग्रंथी असते. वयात आल्यावर अँड्रोजन नावाची संप्रेरकं वाढतात (मुलींच्या शरीरातही ती असतातच) आणि या ग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. केसाच्या नळीच्या आतल्या मृत पेशी एरवी सुट्या होऊन तेलाबरोबर बाहेर पडतात. मुरमं येणाऱ्या त्वचेत त्या एकमेकींना चिकटून राहतात आणि नळीच्या तोंडाशी बूच बसतं. त्यामागे तेल साचतं. तिथे क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हे जिवाणू वाढतात. हे सगळ्यांच्याच त्वचेवर असतात, बाहेरून चिकटलेली घाण नव्हे. मग शरीराची संरक्षण यंत्रणा धावून येते आणि लाली, सूज, दुखणं, पू दिसायला लागतं.

यातली महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या बुचापासून ठसठशीत पुळी व्हायला आठवडे लागतात, पुष्कळदा आठेक आठवडे. म्हणजे आज रात्री आरशात जी पुळी दिसेल, तिची सुरुवात सुमारे दोन महिन्यांपूर्वी झाली होती. आणि आज जिथे त्वचा कोरी दिसते, तिथे पुढच्या दोन महिन्यांच्या पुळ्यांची बुचं बसून तयार आहेत. दिसलेल्या पुळीवर ठिपका लावून काही होत नाही ते याचमुळे. औषध पुळीवर नाही, पुळ्या येतात त्या सगळ्या भागावर लावायचं, आणि बारा आठवड्यांच्या आत त्याचा निकाल द्यायचा नाही.

आधी ते मलम

पाच दिवसांत नितळ चेहरा, बंद केल्यावर दुपटीने उठाव, आणि उन्हात भाजणं. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की त्या मलमात स्टिरॉइड होतं अशी दाट शंका येते. स्टिरॉइड सूज झटकन दाबतं, म्हणून चेहरा साफ झाल्यासारखा वाटतो. पण बूच तसंच राहतं. आठवडे उलटतात तशी त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, आणि मलम बंद करताच दाबलेली सूज उसळून वर येते. ती उसळी पाहून माणूस घाबरतो आणि पुन्हा तेच मलम हातात घेतो. हे चक्र वर्षानुवर्षं चालू शकतं. ट्यूब घरात असेल तर त्यावरचं नाव वाच: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही छापलेलं असेल तर शंकेला जागा नाही.

तू ते बंद केलंस हे चांगलं केलंस. कितीही वाटलं तरी पुन्हा लावू नकोस. ही उसळी काही आठवडे टिकू शकते आणि ती एकटीने सोसायची गोष्ट नाही. तुला त्वचारोगतज्ज्ञांकडे जावंच लागेल, घरचे उपाय त्यांच्या जोडीला. आणि एक नीट लक्षात ठेव. चेहरा भाजतोय तोवर खाली लिहिलेलं कोणतंही जोरकस औषध लावायचं नाही. पातळ झालेल्या त्वचेवर ते आगीसारखं लागेल. तोवर फक्त तीन गोष्टी: सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. पाणी लागलं तरी चुरचुरत नाही, मॉइश्चरायझर झोंबत नाही, असे सलग दोन आठवडे गेले की पुढची पायरी.

लिंबू आणि टूथपेस्टही आजच थांबव. निरोगी त्वचेचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ४.५ ते ५.५ असतो. लिंबाच्या रसाचा २ च्या आसपास. त्याने वरचा थर भाजतो. शिवाय लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागलं तर त्यातल्या घटकांची उन्हाशी प्रतिक्रिया होऊन फोड येतात आणि मागे काळपट डाग राहतात. डाग घालवायला लावलेल्या वस्तूनेच नवे डाग पडतात. टूथपेस्टमधला फेस करणारा पदार्थ आणि पुदिन्याचा अर्क दातांसाठी ठीक आहेत, सुजलेल्या त्वचेवर ते फक्त दाह करतात. पुळी सुकल्यासारखी वाटते ती त्वचा भाजल्यामुळे. खाण्याचा सोडा दुसऱ्या टोकाला, म्हणजे आम्लाऐवजी अल्कलीच्या बाजूला जातो. तोही नको.

धुणं, ओलावा, ऊन

सहा वेळा नाही, दोन वेळा. सकाळी आणि रात्री, शिवाय घाम आला तर त्यानंतर एकदा. नेहमीच्या साबणाचा सामू ९-१० पर्यंत असतो. दिवसातून सहा वेळा तो लागला की त्वचेचा वरचा संरक्षक थर उघडा पडतो, त्वचा ओढल्यासारखी वाटते आणि त्यावर लावलेलं प्रत्येक औषध झोंबतं. बिनवासाचा, सौम्य, साबणविरहित फेसवॉश घे. पाणी कोमट. हातावर थोडा फेस करून बोटांच्या पेरांनी अर्धा मिनिट हलकेच फिरव, जबड्याच्या कडेला आणि केसांच्या रेषेपाशी विसरू नकोस. धुतल्यावर टॉवेलने टिपून घे, पुसू नकोस. दाणेदार स्क्रब, खरखरीत ब्रश, घासणी यांतलं काहीही नको. बूच नळीच्या आत आहे, वरून घासून ते निघत नाही. वरची त्वचा मात्र सोलते.

चेहरा तेलकट असताना मॉइश्चरायझर कशाला, असं जवळजवळ सगळ्यांनाच वाटतं. तेल आणि ओलावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेलकट त्वचाही आतून कोरडी असू शकते, आणि मुरमांची औषधं तर कोरडेपणा आणतातच. ओलावा नसला की माणूस दहा दिवसांत औषध सोडतो, आणि औषध सोडलं की सगळं पहिल्यापासून. लेबलवर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’, म्हणजे रंध्रं न बुजवणारं, असं लिहिलेलं जेल किंवा पातळ लोशन निवड. या शब्दाला कडक कसोटी नाही, तो हमी नव्हे, पण निवडताना मदत होते. चेहरा किंचित ओलसर असतानाच लाव.

सनस्क्रीन हा या सगळ्यातला डागांवरचा सगळ्यात मोठा उपाय आहे. तपकिरी डाग म्हणजे त्वचेत सांडलेलं मेलॅनिन, त्वचेला रंग देणारं द्रव्य. ऊन रोज त्यात भर घालत असेल तर कोणतंही मलम त्याला पुरं पडत नाही. एसपीएफ ३० किंवा जास्त, आणि ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ हे शब्द हवेत. प्रमाण बहुतेकांचं इथेच चुकतं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर बुडापासून टोकापर्यंत पट्टी काढ, तेवढं चेहरा आणि गळ्याला लागतं. त्याच्या निम्मं लावलं तर डबीवरचा आकडा अंगावर उतरत नाही. बाहेर असलीस तर दर दोन तासांनी पुन्हा. तपकिरी डागांसाठी रंगछटा असलेलं, आयर्न ऑक्साइडयुक्त सनस्क्रीन जास्त चांगलं. गव्हाळ-सावळ्या त्वचेवरचे डाग डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतात, आणि साधं सनस्क्रीन तो प्रकाश फारसा अडवत नाही.

औषधं : एका वेळी एकच

भाजणं थांबलं, डॉक्टरांना चेहरा दाखवून झाला, की मग हे.

पहिलं बेन्झॉइल पेरॉक्साइड, २.५ टक्के. दुकानात ५ आणि १० टक्केही मिळतं, आणि जास्त आकडा म्हणजे जास्त गुण असं वाटून लोक १० उचलतात. फायदा जवळपास तेवढाच होतो, जळजळ मात्र पुष्कळ जास्त. हे जिवाणू मारतं, आणि अँटिबायोटिकसारखी त्याची सवय जिवाणूंना होत नाही, हा त्याचा मोठा गुण. आधी तीन रात्री कानामागे किंवा जबड्याखाली थोडंसं लावून बघ. काही झालं नाही तर एक दिवसाआड, पुळ्या येतात त्या सगळ्या भागावर अगदी पातळ थर. फार चुरचुरलं तर दहा मिनिटं ठेवून धुऊन टाक, तेवढ्यानेही काम होतं. थोडा कोरडेपणा, थोडी साल निघणं चालेल. पापण्या सुजल्या, खाज सुटली, पुरळ उठलं तर ती अ‍ॅलर्जी आहे. लगेच बंद कर आणि पुन्हा लावू नकोस. हे कापडाचा रंग उडवतं, हेही ध्यानात ठेव. उशीचा अभ्रा आणि टॉवेल पांढरे घे, भुवया आणि केसांच्या रेषेपासून दूर ठेव.

दुसरं अ‍ॅडापॅलीन ०.१ टक्के जेल. काही देशांत ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतं, काही ठिकाणी चिठ्ठी लागते. तू डॉक्टरांकडे जाणारच आहेस, तेव्हा विचार. बूच तयारच होऊ न देणारं औषध हेच, म्हणून मुरमांच्या उपचारात त्याचं स्थान पहिलं. गरोदरपणात किंवा गरोदर राहायचा विचार असताना ते लावत नाहीत.

अ‍ॅडापॅलीन लावायच्या पद्धतीवर त्याचं यश ठरतं, म्हणून जरा सविस्तर. रात्री चेहरा धुऊन टिपल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांब, त्वचा पूर्ण कोरडी होऊ दे. ओल्या त्वचेवर ते जास्त आत जातं आणि जास्त झोंबतं. बोटाच्या टोकावर वाटाण्याएवढं जेल घे, अख्ख्या चेहऱ्याला तेवढंच. कपाळावर दोन ठिपके, दोन्ही गालांवर एकेक, हनुवटीवर एक, आणि मग ते हलक्या हाताने पसरव. नाकपुड्यांच्या खाचा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांभोवतीची जागा सोड. तिथली त्वचा पातळ असते, आधी तीच सोलते. वरून मॉइश्चरायझर. तुझी त्वचा आधीच दुखावलेली आहे, म्हणून सुरुवातीला जेलच्या खालीही मॉइश्चरायझरचा एक थर दे. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनच रात्री, मग एक दिवसाआड, आणि सहा आठवड्यांच्या आसपास जमलं तर रोज. घाई करणारे लोक पहिल्याच आठवड्यात रोज लावतात, चेहरा लाल होऊन सोलतो, आणि औषध मला मानवत नाही असं ठरवून मोकळे होतात. औषध मानवत नाही असं क्वचितच असतं. वेग मानवलेला नसतो.

पहिल्या दोन ते चार आठवड्यांत पुळ्या थोड्या वाढल्यासारख्या वाटतील. आत तयार असलेली बुचं लवकर वर येतात, म्हणून. तेव्हा सोडू नकोस. हे लावत असताना चेहऱ्यावर वॅक्सिंग करायचं नाही, मेणाबरोबर त्वचेची सालही निघून येते. चेहरा साफ झाला तरी औषध चालू ठेवायचं, कारण बुचं बसणं थांबत नाही, औषध त्यांना रोखून धरतं.

दोन्ही औषधं एकदम सुरू करू नकोस. मध्ये किमान दोन-तीन आठवडे जाऊ दे, म्हणजे काही झालंच तर दोष कुणाचा हे कळेल. पुढे सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि रात्री अ‍ॅडापॅलीन अशी जोडी चालते. ०.५ ते २ टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिड हा सौम्य मुरमांसाठी, नाकावरच्या काळ्या ठिपक्यांसाठी चांगला पर्याय आहे. पण ते अ‍ॅडापॅलीनच्या ऐवजी वापरायचं, निदान सुरुवातीला तरी त्याच्या सोबत नको. काळ्या ठिपक्यांबद्दल आणखी एक सांगायचं, तो काळा रंग मळाचा नाही. उघड्या तोंडाच्या बुचातल्या मेलॅनिनला हवा लागून तो काळा पडतो. आणि नाकावर सगळीकडे सारख्या अंतरावर राखाडी ठिपके असतील, दाबल्यावर मेणासारखा बारीक तंतू येत असेल, तर तो मुरूमच नाही. तो रंध्रातला नेहमीचा तेलकट तंतू. काढला तरी काही आठवड्यांत पुन्हा भरतो. त्याच्या वाटेला जाऊ नकोस.

आज रात्रीची पुळी

आता त्या आरशासमोरच्या वेळेबद्दल. दोन नखांमध्ये पुळी दाबली की थोडा पू वर येतो आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण नळीची भिंत त्या वेळी सुजून नाजूक झालेली असते. दाब वरच्या दिशेने जातो तसाच खालच्या दिशेनेही जातो. भिंत आतून फाटते आणि तेल, पेशी, जिवाणू सगळं आजूबाजूच्या त्वचेत सांडतं. शरीर त्या सांडलेल्या मालावर नव्याने तुटून पडतं. म्हणूनच फोडलेली पुळी दुसऱ्या दिवशी जास्त मोठी दिसते. सूज जेवढी खोल आणि जितके दिवस, तेवढा डाग गडद. आणि सुजेत आधाराचे तंतू नष्ट झाले की खड्डा. डाव्या गालावरचे खड्डे असेच पडले असण्याची शक्यता मोठी आहे.

नाकाच्या मुळापासून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतच्या त्रिकोणात तर अजिबात दाबू नकोस. तिथल्या शिरा कवटीच्या आतल्या शिरांशी जोडलेल्या आहेत. संसर्ग आत जाणं दुर्मीळ आहे, पण घडतं. त्या भागातल्या पुळीनंतर ताप, डोळ्याभोवती सूज, जोराची डोकेदुखी किंवा दोन-दोन दिसणं यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठायचं.

मग त्या पुळीचं करायचं काय? ती लाल आणि दुखरी असेल तर बर्फ स्वच्छ कापडात गुंडाळून पाच मिनिटं धर. थेट त्वचेवर नको. खोलवर ठणकणारी, तोंड नसलेली गाठ असेल तर कोमट पाण्यात पिळलेलं कापड दहा मिनिटं, दिवसातून तीन वेळा. पिवळं टोक आलं असेल किंवा पुळी आपोआप फुटली असेल तर हायड्रोकोलॉइड पट्टी लाव. औषधांच्या दुकानात मुरमांच्या छोट्या गोल पट्ट्या मिळतात. कोरड्या त्वचेवर, खाली मलम न लावता चिकटव आणि रात्रभर ठेव. सकाळी ती मधोमध पांढरी फुगलेली दिसेल, आतला द्रव तिने शोषलेला असतो. न फुटलेल्या खोल गाठीवर तिचा उपयोग नाही. आणि फोडलीच गेली, तर स्वतःवर चिडू नकोस. पाण्याने धू, पेट्रोलियम जेलीचं एक बोट फिरव, खपली आपोआप पडू दे. खपली उचकटली की भरत आलेली जखम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

फोडल्याशिवाय झोप येत नाही, असं तू लिहिलंस. ही सवय नुसत्या निश्चयाने सुटत नाही, वाट अडवावी लागते. नखं बारीक काप. रात्रीचा चेहरा आरशापासून दूर, दिवसाच्या उजेडात असतानाच, संध्याकाळी धुऊन टाक. आरशाजवळचा प्रखर दिवा बंद ठेव, आणि आरशात बघायचंच असेल तर हातभर अंतरावरून. लोक तुला तेवढ्याच किंवा त्याहून जास्त अंतरावरून बघतात. हात जिथे जातो तिथे पट्टी आधीच चिकटवून ठेव. हे करूनही हात थांबत नसतील, जखमा होत असतील, तर त्वचा खुडण्याची ही सवय मानसोपचारात ओळखली जाणारी तक्रार आहे. तिच्यावर समुपदेशनाने उपचार होतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

डाग, लाली, खड्डे

तुझ्या गालांवर तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची उत्तरंही वेगळी. स्वच्छ, पारदर्शक काचेचा पेला डागावर हलकेच दाबून बघ. दाबल्यावर फिका पडला तर तो लाल डाग रक्तवाहिन्यांचा. तसाच राहिला तर मेलॅनिनचा.

तपकिरी डाग जातात. काहींना तीन महिने, काहींना वर्ष लागतं. राखाडी-निळसर झाक असेल तर रंग खोल गेलेला आहे, त्याला अजून वेळ. अ‍ॅडापॅलीन डागांवरही काम करतं. जोडीला हवं असेल तर ४-५ टक्के नायसिनामाइड किंवा १० टक्के अ‍ॅझेलिक अ‍ॅसिड. दुसरं मुरमं आणि डाग दोन्हींवर चालतं. सुरुवातीला किंचित खाज सुटते, ती बहुधा थोड्या आठवड्यांत कमी होते. डाग फिके करणारं हायड्रोक्विनोन मात्र डॉक्टरांशिवाय नाही. ते महिनोन्‌महिने लावत राहिल्याने त्वचा निळसर काळी पडू शकते, आणि तो रंग काढणं फार अवघड असतं. रंग उजळवण्याची हमी देणाऱ्या, घटक न छापलेल्या मलमांपासून लांब राहा. अशाच एकाने तुला इथवर आणलंय.

लाल डाग आपोआप फिके होतात, कित्येक महिने घेतात. उरले तर लेझर आहे.

खड्डे मलमाने भरत नाहीत, आणि हे तुला खोटा धीर न देता सांगायला हवं. पण त्यावर उपचार आहेत: खालचे ताणलेले तंतू सुईने सोडवणं, मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचा टोचणं), लेझर, नेमक्या खड्ड्यात आम्लाचा ठिपका. यातलं काय हे खड्ड्याच्या आकारावर ठरतं आणि ते डॉक्टरच करतात, तेही नवी मुरमं थांबल्यावर. घरी वापरायचे सुयांचे रोलर घेऊ नकोस. पुळ्या असलेल्या गालावर तो फिरवला की संसर्ग एका जागेवरून दुसरीकडे पेरला जातो.

खाण्याबद्दल थोडंच. रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ आणि व्हे प्रोटीनची पावडर काहींची मुरमं वाढवतात. दुधाचा संबंधही काही अभ्यासांत दिसला आहे, पण सगळ्यांमध्ये नाही. एखादी गोष्ट खाल्ल्यावर नेहमीच वाढतं असं वाटलं तर ती सहा आठवडे बंद करून बघ. सरसकट दहा पदार्थ सोडून उपाशी राहू नकोस. केसांचं तेल किंवा जेल कपाळावर उतरत असेल तर तिथल्या दाण्यांचं कारण तेच असू शकतं. अभ्रा आठवड्याला बदल.

आता डॉक्टरांबद्दल. तुझ्या बाबतीत ते मलम आणि खड्डे, ही दोन कारणं पुरेशी आहेत. शिवाय पाळी अनियमित असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील तर तेही सांग, मग संप्रेरकांची तपासणी करता येईल. कपाळावर किंवा पाठीवर एकसारख्या आकाराचे, खाजणारे दाणे असतील तर ते बुरशीचं असू शकतं, त्याला मुरमांचं औषध लागू पडत नाही. खूप गाठी असतील तर आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्यांबद्दल डॉक्टर बोलतील. फार प्रभावी औषध आहे, पण ते चालू असताना गरोदर राहायचंच नाही, बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. रक्ततपासण्याही कराव्या लागतात. अँटिबायोटिक दिलं तर सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड आहे ना आणि अँटिबायोटिक किती आठवडे घ्यायचं, हे विचारून घे. एकट्याने दीर्घकाळ घेतलं तर जिवाणू त्याला दाद देईनासे होतात.

आज एकदा आणि मग दर चार आठवड्यांनी, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढ. कुणाला दाखवायचे नाहीत, डॉक्टरांसाठी. रोज आरशात बघून फरक कळत नाही, बारा आठवड्यांच्या चार फोटोंत तो कळतो. तपासणीला जाताना त्या मलमाची ट्यूब ने, फेकली असशील तर मैत्रिणीकडून नावाचा फोटो मागव. आणि तीही अजून ते लावत असेल तर तिलाही सोबत घेऊन जा. तिने ते एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.